अनलिमिटेड कॉइन्स असूनही गिऱ्हाईक चिडतं कसं?

कॉइन्स ९९,९९,९९,९९९. डायमंड्सही तितकेच. स्वयंपाकघरातलं एकूण एक यंत्र पहिल्या दोन मिनिटांत शेवटच्या पातळीपर्यंत अपग्रेड केलेलं. आणि तरीही पुढच्या एखाद्या लेव्हलला दोन गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून निघून जातात आणि स्क्रीनवर 'लेव्हल फेल' झळकतं. रेस्टॉरंट गेमचं मॉड व्हर्जन, म्हणजे तिऱ्हाइताने मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेली प्रत, टाकून घेतलेल्या बऱ्याच जणांची इथे पंचाईत होते. पैशाला तोटा नाही, मग घोडं अडलं कुठे?

ते अडतं वेळेपाशी. या गेममध्ये पैसा हे वेळ विकत घेण्याचं साधन असतं, आणि हा वेळही ठरावीक मर्यादेपर्यंतच मिळतो. हा प्रकार जन्माला आला तेव्हा तर त्यात पैसा जवळजवळ नव्हताच. १९८३ साली आलेल्या 'टॅपर' या आर्केड गेममध्ये चार लांबलचक काउंटर होते. एका टोकाकडून गिऱ्हाइकं पुढे सरकत यायची, दुसऱ्या टोकाला उभं राहून खेळाडूने ग्लास भरभरून त्यांच्याकडे ढकलायचे. एखादं गिऱ्हाईक काउंटरच्या टोकापर्यंत पोहोचलं की एक जीव गेला. रिकामा ग्लास परत आला आणि झेलायचा राहून गेला, तरी एक जीव गेला. तिथे टिप मिळायची, पण ती देऊन विकत घेण्यासारखं दुकानात काही नव्हतं. पुढे २००४ च्या आसपास 'डायनर डॅश' आला. त्यातली फ्लो नावाची वेट्रेस गिऱ्हाइकांना टेबलावर बसवायची, ऑर्डर घ्यायची, किचनमध्ये द्यायची, ताटं पोचवायची, बिल घ्यायची, टेबल आवरायची. एकच काम लागोपाठ केलं, म्हणजे तीन टेबलांच्या ऑर्डर एका दमात घेतल्या, तर जादा गुण. सगळी गंमत हालचालींचा क्रम लावण्यात होती.

फोनवर आज दिसणारा साचा 'कुकिंग फीव्हर'सारख्या गेमनी रुळवला. लिथुआनियातल्या नॉर्डकरंट या कंपनीने तो २०१४ मध्ये आणला. पदार्थावर टॅप करायचं, भाजायचं, जोडायचं, गिऱ्हाइकाला द्यायचं, कॉइन्स उचलायचे आणि त्या कॉइन्समधून किचन सुधारायचं. गेम फुकट, पण मधूनमधून हात पसरणारा.

चौथ्या तव्याचं गणित

समजा, तुमच्याकडे बर्गरचं दुकान आहे. एक पॅटी भाजायला ८ सेकंद लागतात आणि तवे आहेत दोन. म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त १५ पॅटी, तेही एकही तवा क्षणभर रिकामा राहिला नाही तर. गिऱ्हाईक मात्र दर ३ सेकंदांनी एक, मिनिटाला २०. प्रत्येक मिनिटाला पाच जण ताटकळणार. त्यांच्या डोक्यावरची हिरवी पट्टी पिवळी होणार, मग लाल होणार, आणि ते निघून जाणार. इथे कमी पडतात ते तवे. तिसरा तवा घेतला की मिनिटाला साडेबावीस पॅटी होतात आणि प्रश्न मिटतो. चौथा घेतला तर ३०.

आता बोटांकडे बघा. एका बर्गरला पॅटी तव्यावर टाकणं, पाव ठेवणं, भाजलेली पॅटी पावात घालणं, सॉस, गिऱ्हाइकाला देणं आणि काउंटरवरचे पैसे उचलणं असे सहा टॅप लागतात. पाहणं, ठरवणं आणि टॅप करणं धरून प्रत्येकी अर्धा सेकंद म्हटला तरी ३ सेकंद झाले. म्हणजे तुमची बोटं मिनिटाला २० बर्गर देऊ शकतात, एकही जास्त नाही. चौथा तवा फुकट गेला. उलट आता चार तव्यांवर नजर ठेवायची, आणि नजर चुकली की पॅटी जळाली.

पुढच्या लेव्हलला गिऱ्हाईक बर्गरसोबत सरबतही मागायला लागतं. दोन टॅप वाढले, म्हणजे एका ऑर्डरला ४ सेकंद. मिनिटाला १५. पुन्हा पाच जण मागे. फरक इतकाच, की या वेळी तुम्ही पन्नास तवे घेतलेत तरी काही होणार नाही, कारण कमतरता तव्यांची राहिलेलीच नाही.

कारखान्याच्या भाषेत याला बॉटलनेक म्हणतात. साखळीतला सर्वांत संथ टप्पा सगळ्या साखळीचा वेग ठरवतो. तो टप्पा सोडून दुसरीकडे कितीही पैसा ओता, माल तेवढाच बाहेर पडतो. अमर्याद कॉइन्सने बॉटलनेक नाहीसा होत नाही, तो किचनमधून उठून खेळणाऱ्याच्या डोळ्यांत आणि बोटांत येऊन बसतो.

रांगेचंही असंच आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: आत सरासरी किती माणसं असतील, तर येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ. गेममध्ये काउंटरला चारच जागा असतात आणि दर ३ सेकंदांनी एक जण येतो असं धरलं, तर प्रत्येकाला सरासरी १२ सेकंदांत वाटेला लावावंच लागतं. खुर्च्या, पडदे, दिवे यांवर कॉइन्स खर्च केले की बऱ्याच गेममध्ये गिऱ्हाइकांचा धीर वाढतो. धीर वाढला की ते रागावून जात नाहीत, पण जागा तर चारच. मागचा बाहेर खोळंबतो, आणि लेव्हलला एकूण वेळ मोजून दिलेला असेल तर त्या वेळात उरकणारी गिऱ्हाइकं कमीच राहतात.

लेव्हल रचणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं. चाळिसाव्या लेव्हलचं टार्गेट ठेवताना ते गृहीत धरतात, की इथवर आलेल्याकडे बहुतेक अपग्रेड असणार. म्हणून मॉडवाल्याला पहिल्या वीस लेव्हल हातचा मळ वाटतात आणि पुढे गेम अचानक अवघड झाल्यासारखा वाटतो. वास्तविक तो तिथे सगळ्यांनाच तितका अवघड असतो. इतरांनी वाटेत हात बसवून घेतलेला असतो: गिऱ्हाईक यायच्या आधी पाव मांडून ठेवायचे, पैसे लगेच न उचलता एकदम उचलायचे, कुठली पॅटी आधी उतरवायची हे न बघता कळायचं. मॉडमध्ये अपग्रेड मिळतात, ही सवय मिळत नाही.

दोन प्रकारचा पैसा, आणि संपणारी एनर्जी

बहुतेक फुकट गेममध्ये दोन नाणी चालतात. कॉइन्स खेळून भरपूर मिळतात. जेम्स किंवा डायमंड्स थेंबाथेंबाने मिळतात आणि खऱ्या पैशांत विकत मिळतात. कॉइन्स किती सुटणार आणि कशात जिरणार, याचा ताळेबंद गेम बनवणारे मांडून ठेवतात. सुरुवातीचं अपग्रेड दोन लेव्हलच्या कमाईत येतं, पुढचं पाच लेव्हलच्या, त्यापुढचं वीस. आणि नेमका जो तवा घेतल्याशिवाय पुढची लेव्हल जमणार नाही, त्याच्या किमतीत दहा-पंधरा जेम्स घुसडलेले असतात. तिसरा अडसर एनर्जीचा. पाच वेळा हरलात की अर्धा तास थांबा, नाहीतर जाहिरात बघा.

माझं मत विचाराल तर यातला काही भाग रास्त आहे. अपग्रेड हळूहळू मिळाल्याने एकेक पदार्थ नीट शिकता येतो. पण एनर्जी आणि जेम्सचा बराचसा भाग सरळसरळ टोलनाका आहे. त्याने खेळ चांगला होत नाही, फक्त अडवला जातो. लोक मॉड शोधतात ते बहुतेक वेळा या टोलनाक्याला वैतागून, आणि तो वैताग मला खोटा वाटत नाही.

म्हणून सगळी मॉड एका मापाने मोजू नयेत. अमर्याद एनर्जीने खेळाचं जवळजवळ काहीच बिघडत नाही. हरलात तर लगेच परत खेळता, एवढंच. अमर्याद कॉइन्सने सुरुवातीचा अर्धा गेम सपक होतो आणि उरलेला वर सांगितल्याप्रमाणे तसाच राहतो. 'पदार्थ कधीच जळत नाही' या प्रकाराने एक मोठी काळजी कमी होते, तरी क्रम लावायचं काम शिल्लक असतं. पण 'गिऱ्हाइकं कधीच चिडत नाहीत' किंवा 'ऑटो सर्व्ह' (पदार्थ आपोआप गिऱ्हाइकाला दिले जातात) असलेलं मॉड घेतलं, की काय करावं हा प्रश्नच उरत नाही. नुसतं टॅप करत राहायचं. असा गेम लोक दोन दिवसांत काढून टाकतात, आणि दोष गेमला देतात.

मॉड आतून नेमकं काय करतं

अँड्रॉइडवरचं अ‍ॅप एपीके नावाच्या फाइलमधून येतं. ही फाइल म्हणजे एक झिप असते. तिच्यात प्रोग्रॅमचा कोड, चित्रं, आवाज, अ‍ॅपला कोणत्या परवानग्या हव्यात याची यादी आणि बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. मॉड बनवणारा ही झिप उघडतो, कोडमधली किंवा आकड्यांच्या तक्त्यातली एखादी जागा बदलतो, पुन्हा बांधतो आणि तिच्यावर स्वतःची सही ठोकतो. मूळ कंपनीची सही त्याच्याकडे नसते, त्यामुळे दुसरा इलाजही नसतो.

बदल दोन प्रकारचे असतात. साधा म्हणजे सुरुवातीची शिल्लक वाढवणं. त्याहून हुशार म्हणजे वजाबाकीची ओळच फिरवणं. तुम्ही ५०० कॉइन्सचा तवा घेतला, की शिल्लक उणे ५०० ऐवजी उणे शून्य, किंवा अधिक ५००. काही मॉडमध्ये खर्च केला की पैसे वाढताना दिसतात ते यामुळे. आणि काहींमध्ये शिल्लक १०० दाखवते, ५०० चा तवा मात्र मिळत नाही, तेही यामुळेच: वजाबाकी बदलली आहे, पण 'पुरेसे पैसे आहेत का' हे त्याआधीचं विचारणं तसंच आहे.

अमर्याद हा शब्दही जाहिरातीपुरताच. कॉम्प्युटरला आकडा कुठल्या तरी आकाराच्या डब्यात ठेवावा लागतो. बऱ्याच गेममध्ये हा डबा ३२ बिटचा असतो आणि त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. तिच्यात एक मिळवला आणि गेमने तपासणी ठेवलेली नसली, तर उत्तर येतं उणे २,१४,७४,८३,६४८. अब्जाधीश क्षणात कर्जबाजारी. म्हणून मॉडवाले शहाणपणाने ९९ कोटींच्या आसपास थांबतात.

आता मुख्य प्रश्न: तुमची शिल्लक राहते कुठे? गेम पूर्ण ऑफलाइन असेल तर ती फोनमधल्याच एका फाइलमध्ये असते, आणि फोनमधलं काहीही बदलता येतं. गेम ऑनलाइन असेल तर शिल्लक कंपनीच्या सर्व्हरवर असते. स्क्रीनवर दिसतो तो आकडा त्या शिलकेची फक्त नक्कल. बँकेच्या पासबुकावर पेनाने दोन शून्यं वाढवली म्हणून खात्यात पैसे येत नाहीत, तसंच हे. मॉड टाकल्यावर ९९ कोटी दिसतात, तुम्ही काही विकत घ्यायला जाता, सर्व्हर स्वतःची वही बघतो आणि 'पुरेसे जेम्स नाहीत' म्हणतो. किंवा नेट चालू होताच आकडा मूळपदावर येतो. मधले गेमही पुष्कळ असतात: कॉइन्स फोनवर, जेम्स सर्व्हरवर. तिथे मॉड अर्धंच चालतं.

फोनचं घड्याळ तासभर पुढे करून एनर्जी भरून घेण्याची युक्ती तर मॉडशिवायही चालायची. गेम फोनला वेळ विचारत होता तोवर ती चालली. आता बरेच गेम सर्व्हरला वेळ विचारतात.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. गेममध्ये स्पर्धा, साप्ताहिक इव्हेंट किंवा लीडरबोर्ड असेल, तर तिथे अमर्याद शिलकेने उतरणं म्हणजे इतरांच्या ताटात हात घालणं आहे. कंपन्याही तिथेच सर्वांत कडक असतात: खातं बंद करतात, नाहीतर अशांना गुपचूप वेगळ्या यादीत टाकतात. एकट्याने ऑफलाइन खेळणाऱ्याने स्वतःचा खेळ सोपा केला तर दुसऱ्या खेळाडूचं काही जात नाही. तरी बदललेली प्रत वाटणं हा मूळ बनवणाऱ्याच्या हक्काचा भंगच असतो, आणि वापरणंही बहुतेक गेमच्या अटींविरुद्ध असतं.

सहीचा मुद्दा

सही बदलल्याचे दोन परिणाम होतात. पहिला त्रासाचा: अँड्रॉइड एका सहीच्या अ‍ॅपवर दुसऱ्या सहीचं अपडेट चढवू देत नाही. त्यामुळे मॉड टाकण्याआधी मूळ गेम काढावा लागतो, आणि प्रगती फक्त फोनमध्ये असेल तर तीही जाते. पुढे कंपनीचं नवं व्हर्जन आलं की ते मॉडवर बसत नाही. पुन्हा काढा, पुन्हा टाका.

दुसरा परिणाम धोक्याचा. सही बदलली म्हणजे आत काय आहे याची हमी देणारा आता तुम्हाला अनोळखी माणूस आहे. ज्याने वजाबाकीची एक ओळ बदलली, त्याने आणखी चार ओळी घातल्या का, हे बाहेरून दिसत नाही. गेम छान चालतो, कॉइन्सही मिळतात, आणि मागे दुसरंच काही चालू असतं. २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'एजंट स्मिथ' नावाचा असाच एक प्रकार उघड केला. अधिकृत दुकानाबाहेरच्या अ‍ॅप-स्टोअरमधून तो गेम आणि फोटोच्या अ‍ॅपच्या पोटात बसून यायचा आणि फोनमधली इतर खरी अ‍ॅप्स गुपचूप बदलून त्यांत जाहिराती घुसवायचा. सुमारे अडीच कोटी फोन त्याने धरले होते. त्याला जाहिरातींचेच पैसे हवे होते, हे त्यातल्या त्यात नशीब.

धोका ओळखायची सर्वांत सोपी जागा परवानग्यांची आहे. बर्गर विकणाऱ्या गेमला तुमचे एसएमएस वाचायचं काहीच कारण नाही. कॉन्टॅक्ट्स, कॉल, इतर अ‍ॅपच्या वर दिसण्याची मुभा, हेही त्याला नको. आणि 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' मागत असेल तर तिथेच थांबा. ती परवानगी मुळात ज्यांना स्क्रीन पाहणं किंवा वापरणं अवघड जातं त्यांच्यासाठी आहे. तिच्या जोरावर अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या नावाने बटणंही दाबू शकतं. बँकेचे पैसे पळवणाऱ्या मालवेअरची ती आवडती वाट आहे. ओटीपी एसएमएसने येतो आणि बँकेचं अ‍ॅप त्याच फोनवर असतं, हे इथे आठवावं. 'इन्स्टॉल करताना प्ले प्रोटेक्ट (अँड्रॉइडमधली अ‍ॅप तपासणारी गूगलची सुरक्षा सोय) बंद करा' असं कोणी सांगत असेल, तर पहारेकऱ्याला झोपवायला सांगणाऱ्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

आयफोनवर बाहेरून अ‍ॅप टाकणं मुळातच अवघड असल्याने हा बाजार तिथे लहान आहे.

'जेम्स जनरेटर' म्हणवणाऱ्या वेबसाइटचा प्रकार याहून वाईट. तिथे युजरनेम टाकायचं, किती जेम्स हवेत ते निवडायचं, मग एक पट्टी भरत जाते, 'सर्व्हरशी जोडणी झाली' वगैरे मजकूर सरकतो, आणि शेवटी 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून सर्व्हे, दोन अ‍ॅप्स किंवा मोबाइल नंबर मागितला जातो. ती पट्टी नुसतं चलच्चित्र आहे. कंपनीच्या सर्व्हरवरची तुमची शिल्लक बाहेरच्या वेबपेजला बदलता येत असती, तर त्या गेमचा धंदा आठवड्यात बसला असता. मॉडमध्ये निदान काहीतरी बदललेलं असतं. इथे मिळत काहीच नाही, फक्त सर्व्हे भरल्याचं कमिशन त्यांना मिळतं.

बनवणाऱ्यांनीच ठेवलेल्या सवलती

ज्यांना धावपळ नको, फक्त पदार्थ जुळवण्याची मजा हवी आहे, त्यांच्यासाठी काही विकतच्या गेममध्ये सोय आधीच असते. 'कुक, सर्व्ह, डिलिशस २' मध्ये झेन मोड आहे. त्यात गिऱ्हाइकांचा धीर सुटत नाही. 'ओव्हरकुक्ड: ऑल यू कॅन ईट' या २०२० च्या आवृत्तीत असिस्ट मोड आहे, त्यात फेरीचा वेळ वाढवता येतो, ऑर्डर जास्त काळ टिकतात आणि एखादी लेव्हल डोकं उठवत असेल तर ती सोडून पुढे जाता येतं. दोन्हीकडे सैल केलंय ते घड्याळ, गल्ला नाही. २०२२ च्या 'प्लेटअप'साठी तर खेळाडूंनी केलेली मॉड स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या 'वर्कशॉप' विभागात उघडपणे मिळतात. नवे पदार्थ, नवी उपकरणं, सोपे-अवघड नियम, हवं ते लावा आणि नको झालं की काढा. मूळ गेमची फाइल अनोळखी माणसाच्या सहीने बदलून घ्यावी लागत नाही. हे गेम एकदाच पैसे देऊन घ्यायचे असतात, त्यामुळे त्यांत एनर्जी संपत नाही आणि जेम्सची पुडकीही विकायला नसतात.